जिल्ह्याची धुंड

माझ्या धाकट्या बहिणीला आमचा अख्खा तांडा ‘जिल्हा’ म्हणतो. कागदावर ती सविता आहे, सासरीही सविताच आहे, पण गोरेगावला जीपमध्ये बसलं की ड्रायव्हर आरशातून बघत विचारतोच, “जिल्ह्याची मोठी बहीण ना तुमी? मंग सरका जराक, आजून दोघं बसतेत.” परवा होळीसाठी माहेरी निघाले तेव्हाही हेच झालं. मी सरकले. जिल्ह्याची बहीण म्हटल्यावर एवढं तर करावंच लागतं.

फाट्यावर उतरले आणि जागीच थांबले. पाटी नवी होती. आमच्या तांड्याची आता स्वतःची ग्रामपंचायत झाली आहे. इतकी वर्षं आम्ही शेजारच्या मोठ्या गावाच्या शेपटाला बांधलेले. रेशन तिकडे, मतदान तिकडे, पाण्याचा टँकर आधी तिकडे आणि उरला तर इकडे. आता पिवळ्या पत्र्यावर काळ्या अक्षरांत फक्त आमचं नाव, खाली तालुका सेनगाव, त्याखाली जिल्हा हिंगोली. मी हात लावून पाहिला तर बोटाला रंग लागला. तो तेलकट वास नाकात गेला आणि मला एवढा आनंद झाला की पिशवी खाली ठेवून मी एकटीच हसत उभी राहिले. हा वास माझ्या ओळखीचा होता. आमचा जिल्हा नवा झाला त्या वर्षी सगळ्या मुलखाला हाच वास येत होता.

त्याआधी आम्ही परभणीचे. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं छाती फुगवून म्हणणारे. म्हणायला काय जातं? आम्हा पोरांपैकी कुणीही परभणी पाहिलेली नव्हती. परभणी बापूंनी पाहिलेली. एखाद्या दाखल्यासाठी त्यांना जावं लागे, तेव्हा याडी, म्हणजे आमची आई, भल्या पहाटे चूल पेटवी. ज्वारीच्या भाकरी, वर मिरचीचा ठेचा, फडक्याला घट्ट गाठ. बापू गोरेगावपर्यंत पायी, तिथून जीपनं हिंगोली, तिथून एसटी, आणि तिकडे पोचून जरा उभं राहावं तोवर परतीची शेवटची गाडी सुटायची वेळ. काम अर्ध्यात राही आणि बापू अख्खे परत येत. त्यांच्या सदऱ्याला डिझेलचा, बिडीचा, घामाचा आणि अनोळखी माणसांचा वास असे. खिशात शेव-चुरमुऱ्याची पुडी असे, दाबून चपटी झालेली. मला वाटायचं, परभणी हे चुरमुऱ्यांचं गाव असावं.

हिंगोली जिल्हा होणार, होणार, असं कितीतरी वर्षं चाललेलं. गोरेगावच्या बाजारात दर वेळी कुणीतरी सांगे, आता पक्कं. आमच्या संत सेवाभायाच्या देवळापुढच्या ओट्यावर आमचे नायकबा बसलेले असत. तांड्याचे नायक ते. पांढरं मुंडासं, पांढऱ्या मिशा आणि बोलणं मिरचीच्या ठेच्याचं. ते म्हणत, “बाईचं लेकरू नऊ महिन्यांत येतं. ह्या हिंगोलीचे दिस कवा भरतेत रं?” बाया तोंडाला पदर लावून हसत.

शेवटी दिवस भरले. महाराष्ट्र दिनाला जिल्हा जाहीर झाला आणि त्याच सकाळी आमच्या घरात याडीला मुलगी झाली. आमच्या घरातली तिसरी. मी थोरली, मग मधली, मग ही.

सुईण बाहेर आली तेव्हा अंगणात बसलेल्या बायांनी नुसतं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि ओळखलं. कुणी काही वाईट बोललं नाही. “असू दे, असू दे,” म्हणाल्या आणि एकेक करून उठल्या. त्या ‘असू दे’चा मला तेव्हाही राग आला होता, आजही येतो. मी आत गेले. याडी भिंतीकडे तोंड करून पडली होती. उशाला तिनं महिनोन् महिने शिवलेली टोपी होती, लाल कापडाची, बारीक आरशांची, कडेला कवड्या लावलेली. असली टोपी आमच्यात पोराला होळीतल्या धुंडीच्या दिवशी घालतात. मी ती उचलली तर याडी म्हणाली, “ठेव पेटीत.” मी ठेवली.

बापू तेव्हा कुरुंद्याला. हंगामात ते तिकडे हळद शिजवायला, घोळायला जात. संध्याकाळी आले ते थेट हिंगोलीहून. हात कोपरापर्यंत पिवळे, डोळे लाल, आणि काखेत पेढ्यांचा पुडा. ओट्यापासून त्यांनी वाटायला सुरुवात केली. तोंडातून शब्द नाही, नुसता समोरच्याच्या तोंडात पेढा. नायकबांना पेढा, पाणी घेऊन जाणाऱ्या बायांना पेढा, आम्हा पोरांना पेढा. हिंगोलीत चौकाचौकात फटाके, गुलाल, ओळख ना पाळख माणसं एकमेकांच्या गळ्यात पडत होती, एका व्यापाऱ्यानं अख्खा पुडाच बापूंच्या हातात कोंबला होता. हे सगळं त्यांना सांगायचं होतं आणि आनंदानं सांगता येत नव्हतं. त्यांना बघून तांड्याला वाटलं भलतंच.

थावरू म्हणून एक दांडगा गडी होता, होळीला नाचणाऱ्या गड्यांचा म्होरक्या. तो पेढा चघळत म्हणाला, “भाऊ, तिसऱ्या पोरीचे पेढे वाटून राहिला का? डोकं ठिकाणावर हाय न्हवं?”

बापूंचा हात तसाच वर राहिला. मुलगी झाल्याचं त्यांना त्या क्षणी कळलं. त्यांनी मान वळवली. दारात याडी उभी होती. बाळंतीण, उभं राहायला नको होतं तरी उभी, आणि तिच्या तोंडावर जे होतं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. तिलाही वाटलं होतं की पेढे पोरीचेच आहेत.

बापू म्हणाले, “व्हय. पोरीचेच. अन् जिल्ह्याचे बी. दोघं बी आजच आले.”

मग ते दाराशी गेले आणि याडीच्या तोंडात पेढा घातला. त्या पेढ्यांना हळदीचा वास होता. एवढे गोड, एवढे कडवट पेढे मी पुन्हा खाल्ले नाहीत.

त्या दिवसापासून ती जिल्हा झाली. ‘जिल्हा रडून राहिला, दूध पाजा.’ ‘जिल्ह्याला दात आला.’ ‘जिल्ह्यानं अंगावर घाण केली वं माय!’ आणि बाहेर तो दुसरा जिल्हाही तसाच वाढत होता. जून महिन्यात शाळा भरली. आमचे गुरुजी नरसीचे, सायकलवर येणारे. त्यांनी भिंतीवरचा परभणी जिल्ह्याचा नकाशा खाली उतरवला, जमिनीवर पसरला आणि निळ्या खडूनं त्यावर एक रेघ ओढली. आम्ही गुडघ्यांवर बसून बघत होतो. रेघ औंढ्याखालून गेली, वसमतला आत घेऊन गेली, आणि परभणी पलीकडे राहिली. मागून मधली बहीण रडायला लागली. “आता आपुन जर्मनीचे न्हाई राहिलो का?” गुरुजी इतके हसले की खडू मोडला. मग त्यांनी कयाधू नदी काढून दाखवली आणि म्हणाले, ही आपलीच आहे, ही कुठे जात नाही.

किती मजा होती त्या दिवसांत! गोरेगावच्या बाजारात रंगाऱ्यांची चांदी झाली होती. जो तो शिडीवर चढलेला. दुकानांच्या पाट्यांवरचं ‘परभणी’ खरवडायचं आणि ‘हिंगोली’ लिहायचं. जुनी अक्षरं नव्या रंगाखालून डोकवायची. नव्या जीपच्या नंबरावर हिंगोलीचा अडतीस आकडा दिसला की आम्ही टाळ्या पिटायचो आणि परभणीच्या बावीस आकड्याच्या जुन्या जीपला वेडावून दाखवायचो. वहीवर पत्ता लिहिताना हात सवयीनं ‘प’ लिहून जाई, मग तो गिरवून गिरवून ‘हि’ करायचा. ओढ्यापलीकडचा तांडा वाशिमचा, म्हणजे विदर्भातला. ते आमच्या वर्षभर आधीच नव्या जिल्ह्याचे झाले होते, त्यामुळे टेचात असत. तिथं याडीचं माहेर. मामा यायचा आणि ओढ्यात पाय धुताना म्हणायचा, “लहान हाय तुमचा जिल्हा आजून, रांगून राहिला.”

नायकबा मात्र ओट्यावर बसून वेगळंच सांगत. त्यांचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर फिरलेले. “आपले बुढे हिंडायचे,” ते म्हणत, “अन् सीमा जागच्या जागी राहायची. आता आपुन बसलो एका जागी तर सीमाच हिंडून राहिली. मी ह्याच ओट्यावर मोगलाई पाहिली, मुंबईचं राज्य पाहिलं, महाराष्ट्र पाहिला, परभणी पाहिली, आता हिंगोली. एक पाऊल न्हाई टाकलं बरं का म्या!” आणि मिशीवर हात फिरवत. त्यांना हे फार आवडलं होतं. मलाही फार आवडायचं.

असं करता करता फाल्गुन आला. पळस फुलला. आमच्यात होळी पहाटे पेटते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी धुंड असते. वर्षभरात ज्या घरी मुलगा झाला, त्या दारात आई लेकराला मांडीवर घेऊन बसते. नाचणारे गडी, त्यांना आम्ही गेरिया म्हणतो, ते तिच्या डोक्यावर एक लांब काठी आडवी धरतात आणि त्या काठीवर आपापल्या काठ्या वाजवत लेकराचं नाव घेऊन गातात. मोठा हो, घर राख, गुरं राख. मग त्या घरच्या पुऱ्यांचं भांडं मधे ठेवतात, बाया काठ्या घेऊन त्याची राखण करतात आणि गड्यांनी मार खात ते पळवायचं. वर्षभराचं सगळं हसू त्या एका सकाळी हसून घ्यायचं.

आणि त्या वर्षी तांड्यात एकही मुलगा झाला नव्हता.

ओट्यावर नुसती हळहळ. धुंड नाही म्हणजे पुऱ्या नाहीत, पुऱ्या नाहीत म्हणजे खेळ नाही. थावरू तर सुतकात असल्यासारखा बसला होता. तेव्हा नायकबांच्या डोक्यातून निघालं, “काहून धुंड न्हाई? आपला जिल्हा यंदाच जन्मला न्हाई का? जिल्ह्याची धुंड करू! समद्या घरांतून गूळ-कणीक काढा.” तांडा आनंदानं वेडा झाला. पोरं नाचायला लागली, बाया गूळ काढायला धावल्या. दोन दिवस तळणीचा वास अंगणाअंगणातून.

आदल्या दिवशी कुणाच्या तरी लक्षात आलं की मांडीवर बसवायचं काय? जिल्हा आणायचा कुठून? एक जण म्हणाला, पाटी ठेवू. दुसरा म्हणाला, भोपळा ठेवू, त्याला मुंडासं बांधू. थावरू उठून थेट आमच्या दारात आला. “वयनी, तुमच्या भावाला पोरगा झाला ना यंदा? उद्याच्यापुरता आणा त्याला. बसवू आपल्या दारात.”

तिकडे ओट्यावरून नायकबा ओरडले, “खुळा का रं तू? त्ये पोरगं वाशिमचं! त्याला बसवून आपल्या जिल्ह्याची धुंड केली तर आपला जिल्हा विदर्भात जाईल की!” सगळे गंभीर झाले. खरोखर गंभीर. परभणीतून आत्ता कुठे निघालो आणि आता चुकून वाशिमला जातो की काय, अशी काळजी प्रत्येकाच्या तोंडावर. मी आज हसते, पण तेव्हा मीही गंभीरच होते.

याडी आत गेली. पेटी उघडल्याचा आवाज आला. ती बाहेर आली ती बहिणीला कडेवर घेऊन, आणि बहिणीच्या डोक्यावर ती आरशांची टोपी. उन्हात अशी चमकत होती की थावरूनं डोळ्यांवर हात धरला. याडी ओट्यासमोर जाऊन उभी राहिली. बायका तिथं उभ्या राहत नसत.

“नायकबा,” ती म्हणाली, “समदा तांडा वर्सभर माह्या पोरीला जिल्हा म्हणून राहिला. हाका मारायला जिल्हा, हसायला जिल्हा. मंग धुंडीलाच काहून न्हाई?”

बापू खाली बघत होते, मग त्यांनीही मान वर केली. नायकबांनी मुंडासं काढलं, डोकं खाजवलं, पुन्हा घातलं.

“रीत पोराची हाय, बाई.”

“रीत तुमाला ठाऊक. वाशिमचं पोरगं चालत न्हाई, भोपळा चालतो, अन् माही लेक बसवली तर काय बिघडतंय?”

मला वाटलं आता ओट्यावरून शिवी येणार. याडीचा आवाज मात्र थरथरत नव्हता. नायकबा बराच वेळ त्या टोपीकडे बघत बसले. बहीण त्यांच्याकडे बघून लाळ गाळत हसली. शेवटी ते म्हणाले, “बसव. पन धुंड जिल्ह्याची हाय, ध्यानात ठेव. पोरीची न्हाई.”

“तुमी गा कोणाचं बी,” याडी म्हणाली. “माह्या मांडीवर कोण हाय ते मला ठाऊक हाय.”

दुसऱ्या दिवशीची सकाळ मी कशी सांगू! अजून राखेतून धूर निघत होता, पळसाच्या रंगानं पाणी केशरी झालं होतं, डफ तापवून तापवून टणटण वाजत होते. आमच्या दारात घोंगडी. तिच्यावर याडी, लग्नातली काचा लावलेली ओढणी घेऊन, ताठ. मांडीवर जिल्हा. वर काठी आडवी झाली आणि गेरियांच्या काठ्या एका तालात तिच्यावर पडू लागल्या. लेकरू घाबरेल म्हणून मी पुढे झाले, तर ती हात वर करून काठ्याच पकडायला बघत होती. गाणं सुरू झालं. हिंगोली मोठी होवो, तिच्या घरी हळद पिको, कयाधूला पाणी येवो. सगळे हसत होते, गात होते. थावरू सगळ्यांत मोठ्यानं.

शेवटचं कडवं नायकाचं असतं. नायकबा पुढे आले, काठी टेकवली, आणि म्हातारा गळा ताणून त्यांनी नाव घेतलं. हिंगोलीचं नाही. “सविता,” ते गायले. “सविता मोठी होवो.”

डफ वाजवणाऱ्याचा हात चुकला. थावरू तोंड उघडं टाकून बघत राहिला, मग त्यानंही तेच म्हटलं, मग सगळ्यांनी. याडी रडत नव्हती. ती एकदम उठली, लेकरू माझ्या कडेवर दिलं, दाराआडची काठी उचलली आणि पुऱ्यांच्या भांड्यापुढे जाऊन उभी राहिली. “या आता!” त्या सकाळी तिनं गेरियांना असं झोडपलं की थावरू आठवडाभर कुशीवर झोपत होता. ती हसत होती, खदाखदा, केस सुटलेले, ओढणी खांद्यावर. माझ्या आईला इतकं मोठ्यानं हसता येतं हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

ते दिवस गेले. नायकबा गेले, बापू गेले. ओढ्यावर पूल झाला, आता वाशिममध्ये जाताना पाय भिजत नाहीत. डफाऐवजी मोठे कर्णे आले आहेत. पळस तेवढा आहे.

परवा मी फाट्यावरून घरी पोचले तर याडी अंगणात गव्हाची कणीक चाळत होती. “पाटी पाहिली का?” तिनं विचारलं. “पाहिली. रंग लागला बोटाला.” “लागू दे,” ती म्हणाली, “नव्या पंचायतीत बाईला सरपंच करून राहिलेत म्हणे. करू दे. आमी तर जिल्हा केला व्हता.” आणि मग ती नेहमीचंच सांगू लागली. लोक आमच्या धुंडीची गोष्ट सांगतात. याडी त्याच्या पुढच्या वर्षीची सांगते. मीही तेव्हा तिथंच होते.

त्या वर्षी तांड्यात मुलगे झाले होते. गेरिया त्यांच्या दारांकडे निघाले होते. इतक्यात खालच्या आळीतली शांता, नवीच सून, अजून वर मान करून न बोलणारी, आपल्या तान्ह्या मुलीला घेऊन ओट्यापुढे येऊन उभी राहिली. मी तिच्या मागं बघते तर याडी. तिनंच ढकललं असणार.

नायकबांनी मिशीवर हात फिरवला. “का गं, यंदा कोणता जिल्हा झाला?”

शांतानं मान खाली घातली. वाटलं, परत फिरते आता. पण ती तिथूनच, पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाली, “जिल्हा कशाला पायजे, नायकबा? पोरगी झाली की.”

नायकबा गेरियांकडे वळले. म्हणाले, “डफ तापवा रं. आधी हिच्या दारी.”